आत्याबाईंच्या गोधडीला अस्तर कोणतं लावावं?

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात गोधडीचं अस्तर कोणी विकत आणत नसे. जुनं सुती लुगडं हेच अस्तर. वर्षानुवर्षं नेसून, धोपटून, उन्हात वाळून ते इतकं मऊ झालेलं असायचं की तान्ह्या लेकराच्या दुपट्यालाही तेच लागायचं आणि म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणालाही तेच. आता तशी लुगडी घरात उरली नाहीत, म्हणून अस्तर निवडायचं काम येऊन पडतं. मी ते ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान केलं. कापडाच्या दुकानात काय विचारायचं, घरी आणून काय तपासायचं, हे सगळं मला एका जागी कुठेच मिळालं नाही. ज्यांना पुढे हे करायचं आहे त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहिते आहे.

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ६ ऑक्टोबरला त्या घरी आल्या. वय ७९. निघताना सिस्टरने बजावलं होतं: दर दोन तासांनी कूस बदला, अंगाखाली चुणी पडू देऊ नका, घामाने पाठ ओली राहू देऊ नका, पाठ आणि टाचा रोज पाहा. गादीवर रबरी कापड आणि त्यावर चादर अशी सोय केली होती. पण ऑक्टोबरच्या उन्हात त्यांची पाठ चिकट व्हायची आणि चादर सारखी गोळा व्हायची. दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मले माही गोधडी दे व पोरी. या चादरीवर मी घसरून रायली."

त्यांची गोधडी मी उलटून पाहिली. मूळ अस्तर विरलं होतं आणि मधल्या काळात कोणीतरी त्यावर नायलॉनच्या साडीची ठिगळं लावली होती. ठिगळांच्या कडा हाताला दोरीसारख्या लागत होत्या. निरोगी माणसाला त्या कळणारही नाहीत, पण दिवसभर पाठीवर पडून असणाऱ्या माणसाची कातडी तिथेच सोलते. नवी गोधडी शिवायची, तिचं अस्तर वर करून आत्याबाई त्यावर निजतील, असं त्याच दिवशी ठरलं. उलट, म्हणजे दर्शनी बाजूला त्यांच्या आवडीची पातळं, आत जुन्या साड्या. प्रश्न फक्त अस्तराचा होता.

आधी घरातच शोधलं. दोन ट्रंका उपसल्या. हाताला मऊ लागणाऱ्या साड्या भरपूर निघाल्या, पण त्या सुती आहेत का हे नुसत्या हाताने कळत नाही. काठाचा एकेक धागा ओढून चिमट्यात धरला आणि ताटलीवर जाळून पाहिला. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि त्याची राख बोटाने चुरली की भुगा होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो, प्लास्टिकचा वास येतो आणि शेवटी काळा कडक मणी उरतो. (हे अंगणात करा, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि एका वेळी एकच धागा घ्या.) बहुतेक साड्यांचे मणीच झाले. त्या सगळ्या मी गोधडीच्या पोटात घालायला बाजूला ठेवल्या. आत त्या चालतात, अंगाला लागत नाहीत. निखळ सुती अशी दोनच पातळं निघाली, आणि उजेडात धरल्यावर त्यांतून पलीकडचं दिसत होतं. अस्तर म्हणून ती एक उन्हाळाही टिकली नसती. ती दर्शनी बाजूला लावायची ठरवली.

दसरा झाल्यावर बाजार धरला. आमच्याकडे कापसाचा पहिला वेचा सुरू होण्याचे दिवस, त्यामुळे बाजारात गर्दी नव्हती आणि दुकानदाराला वेळ होता. मी ठरवून गेले होते की अख्खं कापड आज घ्यायचंच नाही, प्रत्येकातलं पाव मीटर घ्यायचं. काही दुकानदार पाव मीटर कापून देत नाहीत, पण "धुवून पाहते आणि मग पाच मीटर नेते" असं सांगितलं की बरेचदा देतात. देवळीतून काही नमुने घेतले, उरलेले वर्ध्याहून आणले. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फार झाला नाही.

भाव त्या वेळचे लिहिते, मीटरमागे. मांजरपाट ६० रुपये. मलमल ७५. केंब्रिक, म्हणजे साठ काउंटच्या बारीक सुताचं साध्या विणीचं कापड, ९५. एका बाजूला लव उठवलेलं सुती फ्लानेल १४०. ब्लँकेटसारखं लवदार पॉलिस्टर, ज्याला दुकानात 'मिंक' म्हणतात, १८०. बारीक सुताची खादी २१०. शिवाय ९० इंच पन्ह्याचं चादरीचं कापड २२० ला. ऑनलाइनही पाहिलं, पण तिथे एक मीटरच्या आत कापून मिळत नव्हतं आणि कापलेलं कापड परत घेत नाहीत असं अटींमध्ये लिहिलेलं होतं. ज्या वस्तूची सगळी परीक्षा हाताने घ्यायची, ती फोटोवरून मागवायला मन धजावलं नाही.

खादीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण मी मनातून खादीच घ्यायची असं ठरवून निघाले होते. सेवाग्राम आमच्या जिल्ह्यातलं. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला आले. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ चं आहे. आमच्या शेतातला कापूस गाठी होऊन दूर जातो आणि कापड होऊन परत येतो, त्यात हातसुताचं कापड हे आपलं, जवळचं वाटतं. घेताना एवढं पाहा: कायद्याने खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुताचं आणि हातमागावर विणलेलं कापड. त्यावर 'खादी मार्क'चं लेबल असतं, ते मागा. २ ऑक्टोबरपासून खादी भांडारांत सूट सुरू होते. किती आणि कधीपर्यंत हे दरवर्षी बदलतं, म्हणून आधी फोन करून विचारा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत भांडार बंद मिळू शकतं, तेही विचारून घ्या. बिल हाताने लिहून देतात, त्यावर पन्हा आणि मीटर लिहून घ्या, म्हणजे पुढे तेच कापड पुन्हा मागता येतं.

घरी आल्यावर सगळे नमुने आत्याबाईंच्या हातात दिले आणि डोळे मिटून निवडायला सांगितलं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता मिंक उचललं. दुसरं फ्लानेल. मांजरपाट तर त्यांनी लांब सारलं, "हे पोत्यावानी हाये." दुकानात उभं राहून निवडलं असतं तर मीही हेच केलं असतं. पण नवं कापड दुकानात जसं लागतं तसं ते घरात राहत नाही. विणताना सूत तुटू नये म्हणून ताण्याला खळ देतात, आणि पुढे कापडाला घडी नीट बसावी म्हणून पुन्हा कांजी चढवतात. आपण जे चाचपतो ते अर्धं कापड आणि अर्धी खळ असते.

ही खळ डोळ्यांनी दिसावी म्हणून मी एक छोटा प्रयोग केला, जो शाळेत सगळ्यांनी केलेला असतो. जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एकेक थेंब नमुन्याच्या कोपऱ्यावर टाकला. मांजरपाटावर ताबडतोब निळा-काळा डाग उमटला, केंब्रिकवर थोडा फिका. मिंकवर औषधाचा रंग होता तसाच राहिला. स्टार्चची खळ असेल तिथेच निळं होतं.

मग प्रत्येक नमुन्यावर लाल दोऱ्याने ८ इंचाचा चौकोन आखला. पेनाची खूण धुण्यात जाते, दोऱ्याची राहते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवले, सकाळी साबणाने धुतले, उन्हात वाळवले. मांजरपाट तेवढं धुण्याचा सोडा घालून उकळलं. असं दिवसाआड करत दिवाळीपर्यंत चालू ठेवलं. सुगंधी सॉफ्टनर घातला नाही. त्याने कापड मऊ लागतं खरं, पण धाग्यावर थर बसतो आणि घाम शोषायची ताकद कमी होते. आजारी माणसाच्या कापडाला तो मुळीच नको.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, सगळे चौकोन मोजले. मांजरपाट आणि फ्लानेल चार-चार सूत आटले होते, मलमल आणि खादी तीन-तीन सूत, केंब्रिक दोन सूत, मिंक अजिबात नाही. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, टेपवर मोजता येतो.) चार सूत ऐकायला थोडं वाटतं, पण सात फुटांच्या गोधडीत ते पाच इंचांवर जातं. न धुतलेलं अस्तर धुतलेल्या साड्यांवर टाचलं की पहिल्याच धुण्यात अस्तर आखडतं आणि सगळ्या गोधडीला फुगे येतात. म्हणून कापड कोणतंही घ्या, कापायच्या आधी निदान दोनदा धुवा.

पाण्याचा थेंबही टाकून पाहिला. धुतलेल्या मलमलीवर, केंब्रिकवर, खादीवर तो टेकताच आत गेला. मिंकवर मोत्यासारखा बसून राहिला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पाठीचा घाम ज्यात जिरत नाही त्या कापडावर म्हाताऱ्या माणसाला निजवायचं नाही, हे माझ्यापुरतं तिथेच संपलं. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. थंडीत आपण खाटेजवळ शेगडी ठेवतो, अंगणात शेकोटी असते. ठिणगी उडाली तर सुती कापडाला भोक पडतं, पेटलं तर लगेच विझवावं लागतं, धोका त्यालाही आहेच. पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. ज्याला स्वतःहून उठून बाजूला होता येत नाही, त्याच्या अंगाखाली मी ते घालणार नाही.

आता उरली सुईची परीक्षा. शेजारच्या काकूंनी आजवर कितीतरी गोधड्या शिवल्या आहेत, त्यांना नमुने दाखवले. त्यांनी चादरीचं दाट विणीचं कापड दोन बोटांत चोळलं आणि लगेच बाजूला ठेवलं. "याच्यात सुई अडन व माय. दोन वळी शिवशीन अन् बोटं धरून बसशीन." तरी मी करून पाहिलं. खाली अस्तराचा नमुना, मध्ये साडीच्या चार घड्या, वर पातळ, आणि गोधडीच्या लांब सुईने धावदोरा. चादरीच्या कापडात प्रत्येक टाक्याला सुई अंगठ्याने ढकलावी लागली. विण जितकी दाट तितकं कापड गुळगुळीत, पण हाताने शिवायला तितकंच अवघड. मशीनवर क्विल्ट करणार असाल तर मोठ्या पन्ह्याचं ते कापड चांगलं, जोड द्यावा लागत नाही. हाताने शिवणार असाल तर नको. मलमलीत सुई लोण्यातून गेल्यासारखी गेली, पण दोरा ताणला की टाक्याभोवती बारीक भोकं दिसायला लागली. केंब्रिक आणि खादी दोन्ही हाताला सोपी.

भाऊबीज झाल्यावर आत्याबाईंना पुन्हा डोळे मिटायला लावले. या वेळी त्यांनी मलमल उचलली, मग केंब्रिक, मग खादी. मांजरपाटही आता त्यांना चाललं. पण मला घाई करायची नव्हती. हातावर फिरवणं वेगळं आणि त्यावर रात्र काढणं वेगळं. मलमल, केंब्रिक आणि खादी यांचे तुकडे जोडून उशीचा अभ्रा शिवला आणि उशी रोज फिरवून त्यांच्या गालाखाली वेगळं कापड येईल असं पाहिलं. सकाळी दोन गोष्टी तपासायच्या: गालावर वळ आहेत का आणि कापड चुरगळलं आहे का. मलमलीच्या बारीक चुण्या पडल्या. खादीच्या जाड-बारीक सुताचे वळ गालावर उमटले, अर्ध्या तासाने गेले. केंब्रिकचं काहीच उमटलं नाही.

खादी सोडताना मला वाईट वाटलं, हे लिहायला हवं. तीच खादी आणखी वर्षभर वापरून झाली असती तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. पण आत्याबाईंची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे आणि त्यांना अंथरूण आत्ता हवं होतं. पांघरायच्या गोधडीला मी खादीच लावेन, आणि लहान बाळाच्या दुपट्याला दुहेरी मलमल. फ्लानेल थंडीत ऊब देतं, पण धुता धुता त्याच्या लवेचे गोळे झाले आणि उन्हाळ्यात ते काढून ठेवावं लागेल. अस्तर कशासाठी, यावर सगळं ठरतं.

१० नोव्हेंबरला केंब्रिक आणलं. साधं पांढरं, छापील नाही. छापाच्या रंगाचा थर बहुतेक वेळा कापडावर बसलेला असतो आणि तेवढा भाग हाताला कडक लागतो. शिवाय पांढऱ्यावर ओल, रक्ताचा ठिपका, काहीही लगेच दिसतं. सिस्टरने पाठ रोज पाहायला सांगितली होती, तिथे गडद रंग काय कामाचा? जाऊबाई म्हणाल्या, "पांढरं मयतन ना पण." मळेल, मग धुऊ. मळ दिसायलाच हवा आहे.

मापाचा हिशेब असा. गोधडी साडेचार बाय सात फूट, म्हणजे ५४ बाय ८४ इंच. अस्तर चारही बाजूंनी तीन इंच जास्त हवं, कारण टाके घालताना ते ओढलं जातं. म्हणजे ६० बाय ९०. केंब्रिकचा पन्हा ४४ इंच, धुऊन आणि काठ कापून साडेएकेचाळीस उरतो. काठाची विण घट्ट असते, धुतल्यावर ती वेगळीच आखडते, म्हणून काठ काढूनच टाका. एका पन्ह्यात भागत नाही, जोड आलाच. दोन तुकडे मधोमध जोडले असते तर शिवण बरोबर पाठीच्या कण्याखाली आली असती. म्हणून एक अख्खा पन्हा मध्ये ठेवला आणि दुसऱ्याच्या साडेदहा इंची दोन पट्ट्या काढून दोन्ही बाजूंना लावल्या. दोन्ही शिवणी खाटेच्या कडेला गेल्या. शिवणीच्या आतल्या पाकळ्या उघडून इस्त्री फिरवली की उंचवटाही राहत नाही. आटणं धरून ५ मीटर कापड घेतलं. ४७५ रुपये आणि ५ टक्के जीएसटी, मिळून ४९९. पक्कं बिल घ्या, थानातलं कापड पुढे विरलेलं निघालं तर बोलायला कागद लागतो.

दोनदा धुतलं, वाळवलं, किंचित ओलं असताना इस्त्री केली. मग ओसरीच्या फरशीवर अस्तर ताणून अंथरलं, शिवणीची बाजू वर, चारही कोपऱ्यांवर वजन. त्यावर साड्यांचे थर, त्यावर पातळं. मधून कडेकडे कच्चे टाके घातले. यात दोघीजणी लागतात, एकटीने केलं तर खालचं अस्तर कुठे दुमडलं ते कळत नाही. काकू आल्या आणि हात खाली घालून प्रत्येक वीत चाचपली.

शिवण डिसेंबरभर चालली. कापूस घरात येत होता, दुपार तेवढी मोकळी मिळायची. सुती दोरा मेणावरून ओढून घेतला. दोन बोटांच्या अंतरावर वळी. अस्तर वर येणार असल्याने एक पथ्य पाळलं: दोऱ्याची गाठ कधीही अस्तरावर घ्यायची नाही. सुई थरांच्या मध्ये घालून गाठ आत ओढून घ्यायची आणि दोरा संपला की तसाच आत सोडायचा. टाकाही अस्तराच्या बाजूला तांदळाएवढाच दिसेल असा घ्यायचा. सुया, दोरा आणि मेण मिळून १४० रुपये झाले. नमुन्यांचे वेगळे २४५ रुपये लागले. ते खर्चताना घरच्यांना जरा जास्त वाटलं होतं, पण चुकीचं पाच मीटर कापड त्याहून महाग पडतं.

१२ जानेवारीला कडेचा गोट पूर्ण झाला. तो उरलेल्या केंब्रिकचाच, दुहेरी घडी न करता एकेरी, म्हणजे कड जाड होत नाही. संक्रांतीला आत्याबाई त्यावर निजल्या. हात फिरवून म्हणाल्या, "हे लुगड्यावानी लागते." पाठ मी रोज पाहते. आजपर्यंत कुठे लाली आलेली नाही, अर्थात कूस बदलणं, पाठ कोरडी ठेवणं हेही चालूच आहे. एकट्या कापडाने ते झालेलं नाही.

धुण्याचं सांगायचं राहिलं. गोधडी भिजली की फार जड होते, पिळायला दोन माणसं लागतात, आणि पूर्ण वाळायला थंडीत अख्खा दिवस पुरत नाही. म्हणून उरलेल्या पांढऱ्या कापडाला आणखी २ मीटर जोडून वरून टाकायचा एक पातळ पट्टा केला, जो रोज बदलता येतो. त्याला चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या आहेत. त्या गोधडीखालून घेऊन खाटेला बांधतात, म्हणजे तो सरकत नाही. गोधडी महिन्यातून एकदा, सकाळी लवकर धुवायची आणि दोन खाटा उभ्या करून त्यांवर पसरायची. दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने टाके ताणले जातात.